दम फक्त छातीत नसतो

पहाटे साडेपाचला आमच्या ग्राउंडवर भरतीची पोरं येतात. चुन्याची रेघ, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि रोजचा एकच कार्यक्रम: सोळाशे. पोलीस भरतीत मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की २० पैकी २० गुण. म्हणून रोज घड्याळ लावून जीव तोडून पळायचं आणि शेवटच्या राउंडनंतर कडेला वाकून ओकाऱ्या काढायच्या. माझा भाचा त्यांतलाच. चाळिशीत पळायला लागलेला त्याचा मामा कडेकडेनं जाताना दिसला की तो ओरडतो, "मामा, पळताय का वरात काढलीय?"

त्याचं म्हणणं, दम जोरात पळूनच वाढतो. माझ्या वयाचे जे नव्यानं बूट बांधतात त्यांचा समज वेगळा असतो. दोन मिनिटं पळतात, धाप लागते आणि ठरवून टाकतात की "आपली छातीच कमजोर." वरवर हे दोन समज एकमेकांपासून लांब वाटतात, पण मूळ एकच आहे: दम म्हणजे छाती, आणि छाती म्हणजे भाता.

निरोगी माणसाची फुप्फुसं पळताना सहसा कमी पडत नाहीत. आपण धापा टाकत असतो तेव्हाही रक्तात प्राणवायू जवळजवळ तेवढाच असतो. अडतं ते पुढे. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि पायांचे स्नायू त्यातला किती प्राणवायू वापरतात, यावर सगळं ठरतं. वेग झेपेनासा झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं, ते बाहेर टाकायला श्वास धावतो. तीच धाप. म्हणजे दोन मिनिटांत दम तुटला तर बहुतेक वेळा वेग चुकलेला असतो. (छातीत दुखणं, चक्कर, श्वासात शिट्टीसारखा आवाज असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग ग्राउंड.)

मग वेग किती? पळता पळता पूर्ण वाक्य बोलता यावं, इतका. मी एकटा असतो, म्हणून पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा मध्येच श्वासासाठी तुटला तर वेग जास्त. आरंभी हा वेग इतका कमी निघतो की लाज वाटते. शेजारून भाजीची पिशवी घेतलेल्या काकू पुढे निघून जातात. जाऊ द्याव्यात.

भाच्याला हे पटत नव्हतं. "तुम्हाला कुठे भरती व्हायचंय?" त्याला मी न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांची गोष्ट सांगितली. त्यांचा शिष्य पीटर स्नेल यानं १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. पावणेदोन मिनिटांची शर्यत, आणि तयारी काय? आठवड्याला १६० किलोमीटरच्या घरात पळणं, त्यात रविवारी डोंगराळ रस्त्यावर पस्तीसेक किलोमीटर. कारण साधं आहे. मुरलेल्या धावपटूंवरच्या मोजमापांत असं दिसलं, की ८०० मीटरलासुद्धा साधारण दोन तृतीयांश ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर येते, आणि १५०० मीटरला चार पंचमांशाहून जास्त. सोळाशे ही सुसाट सुटायची शर्यत वाटते, पण तिचा पाया सावकाश पळण्यातच घातला जातो. जोराचं पळणं लागतंच, पण ते आठवड्यात एखाद-दोनदा, पाया झाल्यावर. रोज परीक्षा देऊन अभ्यास होत नाही.

"मध्ये चाललं म्हणजे हरलं" हाही असाच एक समज. 'काउच टू फाइव्ह के' नावाचा जगभर गाजलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखला. त्याचा पहिला आठवडा असा: ६० सेकंद पळा, ९० सेकंद चाला, असं २० मिनिटं, आठवड्यातून तीनच दिवस. शेवटी अर्धा तास सलग पळणं जमतं. तेव्हा चालणं हा त्या आखणीचाच भाग आहे.

आणि तीनच दिवस का, ते मला पाचव्या आठवड्यात कळलं. शरीर एकदम बदलत नाही. रक्तातला पातळ भाग आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो आणि हृदयाचं काम हलकं होतं. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढायला आणखी काही आठवडे जातात. हाडं आणि कंडरा महिने घेतात. हाड तर भक्कम होण्याआधी थोडं पोखरलं जातं, मग नवं भरतं. त्यामुळे महिनाभरानं दम आलेला असतो, उत्साह मावत नाही, आणि पाय अजून तयार नसतात. मी त्या भरात सलग सहा दिवस पळालो. सातव्या दिवशी नडगीच्या आतल्या कडेला अंगठा दाबला तर डोळ्यांत पाणी आलं.

भाच्याचं निदान तयारच होतं: "लॅक्टिक ॲसिड साठलंय. एक जोरात राउंड मारा, मोकळं होईल." हे प्रत्येक ग्राउंडवर ऐकू येतं आणि चूक आहे. जोराच्या पळण्यात तयार झालेलं लॅक्टेट तासाभरात ओसरतं, स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरतातही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात त्या स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. उतारावर पळालात तर जास्तच. ते दुखणं आपोआप जातं. पण हाडावर बोटानं दाखवता येईल अशी एकाच जागची कळ, जी पळताना वाढते, ती वेगळी. तिथे थांबायचं. मी तीन आठवडे थांबलो.

त्या तीन आठवड्यांत आईनं रोज बजावलं, "गुडघे जातील." २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के आढळली, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के. पळण्यानंच सांधे वाचले असं यावरून सिद्ध होत नाही. ज्यांचे सांधे मुळात बरे तेच पळत राहिले असतील. पण बेतानं पळणाऱ्याचे गुडघे जातातच, हे काही या आकड्यांतून निघत नाही. आईला टक्केवारी सांगून उपयोग झाला नाही, तो भाग निराळा.

परवा भाचा माझ्या शेजारी येऊन पळू लागला. घड्याळ खिशात. म्हटलं, पाढा म्हण. सतराचा सुरू केला, आणि सतरा साते पाशी अडकला. दमामुळे की पाठांतरामुळे, ते त्यानं सांगितलं नाही.