सिमेंटमधील राख

बंगळूर शहराच्या पश्चिम भागात राजाजीनगर हे उपनगर आहे. कारखाने आणि कामगारांची घरे यांसाठी ते १९४९ साली वसविण्यास प्रारंभ झाला. त्या काळची बैठी घरे आता एकामागून एक पाडली जात असून त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उठत आहेत. अशा बांधकामापाशी रचलेल्या गोण्यांवर पुष्कळदा ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट’ अशी अक्षरे दिसतात आणि त्याखाली राखेचे शेकडा प्रमाण छापलेले आढळते. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या माणसाच्या मनात ते वाचून शंका येते, की ही भेसळ तर नव्हे?

शंका स्वाभाविक आहे; परंतु तिचे उत्तर सिमेंट घट्ट कसे होते हे पाहिल्यावाचून मिळणार नाही. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली म्हणजे जे कठीण गोळे तयार होतात, ते थोड्या जिप्समसह दळले की साधे सिमेंट होते. त्यात पाणी मिसळताच दोन पदार्थ निर्माण होतात. एक म्हणजे खडी व वाळू यांना जखडून ठेवणारा चिकट जेल. दुसरा म्हणजे चुना. बळ येते ते पहिल्यामुळे. चुना मात्र मिश्रणात नुसता पडून राहतो आणि पाणी झिरपू लागले की विरघळून बाहेर पडतो.

राखेचे कार्य येथेच सुरू होते. औष्णिक वीजकेंद्राच्या भट्टीत कोळशातील मातीचा अंश वितळतो आणि धुरासवे वर जाताना एकाएकी थिजतो. त्यामुळे त्याचे काचेसारखे अतिसूक्ष्म गोल कण बनतात. वाळूतही सिलिकाच असते. पण तेथील अणू स्फटिकाच्या पक्क्या रचनेत बसलेले असल्यामुळे चुना त्यांना हलवू शकत नाही. राखेतील अणू अस्ताव्यस्त असतात. पडून राहिलेला चुना त्यांच्याशी संयोग पावतो आणि आणखी जेल तयार होतो. लोखंडाच्या झोतभट्टीतील वितळलेली मळी पाण्याने झटकन थंड करून दळली, तर तिच्यातही असाच गुण उतरतो.

ही विद्या नवी नव्हे. इटलीतील पोत्सुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळत. पोझोलाना हे नाव त्या गावावरूनच पडले. आपल्याकडे तेच काम सुरखीने, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीने केले. बंगळूरच्या नैर्ऋत्येस, म्हैसूरजवळ, कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता होते. भारतात त्या वेळी सिमेंट जवळजवळ होतच नव्हते. पोरबंदरचा कारखाना निघाला तो १९१४ साली. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या त्या धरणाची दगडी भिंत चुना आणि सुरखी यांच्या मसाल्यात बांधली गेली, आणि ती आजही पाणी अडवून उभी आहे.

मग राखेचे सिमेंट सर्व बाबतीत सरस म्हणावे काय? तसे नाही. चुना आधी निर्माण व्हावा आणि मग राखेने त्याला धरावे, असा हा क्रम असल्यामुळे बळ सावकाश येते. पहिल्या आठवड्यात ते साध्या सिमेंटच्या मागे असते. काही महिन्यांनी बरोबरी करते, कित्येकदा पुढेही जाते. सावकाशीचा एक लाभ असा, की उष्णता कमी निर्माण होते आणि जाड कामांना तडे जाण्याचा धोका घटतो. सूक्ष्म छिद्रे बुजल्यामुळे समुद्राकाठचे क्षार आतील सळईपर्यंत सहजी पोहोचत नाहीत. रत्नागिरीच्या घरमालकाला याचे मोल बंगळूरच्या घरमालकापेक्षा अधिक कळेल.

भारतीय मानकानुसार या सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण शेकडा १५ ते ३५ असावे लागते, आणि राखेची सूक्ष्मता व तीत राहिलेला न जळलेला कोळसा यांवरही बंधने आहेत. कारखान्यात तपासून घातलेली राख निराळी आणि कोणी गोणी फोडून मिसळलेली राख निराळी. भेसळ हा शब्द दुसरीलाच शोभतो.

खरा धोका मात्र दुकानात नसून स्लॅबवर आहे. पाणी आटले की ही क्रिया थांबते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे, राख वा मळी असलेल्यावर किमान दहा दिवस, आणि हवा कोरडी व उष्ण असल्यास चौदा दिवस, असे मानक सांगते. प्रत्यक्षात वरचा थर टणक लागला की गवंडी नळी गुंडाळतो. मार्च २०२४ मध्ये बंगळुरात पाण्याची टंचाई एवढी वाढली, की पिण्याचे पाणी बांधकामाला वापरण्यास मनाई होऊन पाच हजार रुपये दंड ठरला. अशा वेळी शुद्ध केलेले सांडपाणी योग्य दर्जाचे आहे की नाही हे तपासून वापरता येते. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवावे. खांबांना भिजलेली गोणपाटे गुंडाळून त्यांवर प्लास्टिकचा कागद बांधावा. मग थोडे पाणीही अनेक दिवस पुरते. पश्चिमेच्या उन्हात येणारे खांब आधी सुकतात. त्यांची गोणपाटे सायंकाळी पुन्हा एकदा हात लावून पाहावीत.