नमुना आणि निर्णय (भाग ७) : साक्याचा हिशेब

हापूस वरून कितीही देखणा असो, आत साका आहे की नाही हे सुरी घातल्याशिवाय कळत नाही. साल निर्दोष, वास पक्का, आणि आतला गर मात्र पांढुरका, भुसभुशीत, आंबट. वाशीच्या फळबाजारात उतरलेला लॉट तपासायचा तर आंबे कापायचे, आणि कापलेला आंबा विकायचा नाही. त्यामुळे इथे नमुना किती मोठा घ्यायचा, हा प्रश्न थेट खिशाला भिडतो.

मागच्या भागात एका प्रमाणाचा विश्वास अंतराल, म्हणजे खरं प्रमाण कुठून कुठवर असू शकतं तो पट्टा, काढला होता. आज दोन प्रमाणं शेजारी ठेवू. फळ झाडावर पुरतं तयार होऊ दिलं, किंवा काढल्यावर उन्हात तापलं, की साका वाढतो. म्हणून कोकणात आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात आणि सावलीत नेतात. समजा, एका निर्यातदाराकडे दोन लॉट आले, एक सोळा आणे तयार आणि एक चौदा आणे. प्रत्येकातले ५० आंबे कापले. पहिल्यात ८ साक्याचे निघाले, दुसऱ्यात ४. (आकडे उदाहरणापुरतेच.)

१६ टक्के आणि ८ टक्के. दुप्पट! बहुतेक ठिकाणी निर्णय इथेच होऊन जातो. पण आधी फरकाचा अंतराल काढू. प्रत्येक लॉटसाठी सदोष प्रमाण गुणिले निर्दोष प्रमाण, भागिले नमुना : ०.१६ × ०.८४ ÷ ५० आणि ०.०८ × ०.९२ ÷ ५०. दोन्हींची बेरीज ०.००४१६, तिचं वर्गमूळ ०.०६४५. त्याला १.९६ ने गुणलं की ९५ टक्के विश्वासासाठीची चूक मिळते, १२.६ टक्के. म्हणजे खरा फरक उणे ४.६ पासून २०.६ पर्यंत कुठेही असू शकतो. शून्य त्यात बसतं. चौदा आण्यांचा लॉट सरस आहे, असं एवढ्यावर म्हणता येत नाही.

२०० – २०० आंबे कापले आणि प्रमाणं तीच राहिली, तर अंतराल १.७ ते १४.३. आता शून्य बाहेर गेलं. अंतराल निम्मा करायला आंबे चौपट कापावे लागले.

आणि इथेच एक फसवी पद्धत सापडते. अनेक जण दोन लॉटचे वेगवेगळे अंतराल काढून ते एकमेकांवर चढतात का, एवढंच पाहतात. २०० च्या नमुन्यात पहिला येतो १०.९ ते २१.१, दुसरा ४.२ ते ११.८. चढले! मग फरक नाही? आहे. चुका सरळ मिळवल्या तर ५.१ अधिक ३.८, म्हणजे ८.९. पण दोन्ही नमुने एकाच वेळी, उलट्या दिशांना, एवढे चुकणं दुर्मीळ. म्हणून चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं. ते येतं ६.३.

विश्वास अंतरालाची कल्पना येर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडली. त्याच सुमारास त्यांच्याजवळ लंडनमध्ये शिकत होते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुढे भारतात पीक-कापणीच्या नमुना पाहण्यांना शास्त्रशुद्ध रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथेही नमुना कापूनच हिशेब!

सूत्र मात्र एक गोष्ट गृहीत धरतं : आंबे सुटेसुटे, कुठूनही निवडलेले. दोनच पेट्या फोडून ५० आंबे कापले, तर ते एकाच बागेतले, कदाचित एकाच झाडाचे. तो नमुना ५० चा धरता येत नाही. वरच्या थरातून उचलणं तर माझ्या मते तपासणीच नव्हे.

दुसरी अडचण शून्याची. ५० आंब्यांत एकही साका नाही निघाला, तर हे सूत्र चूकही शून्य दाखवतं, जणू अख्खा लॉट स्वच्छ. ढोबळ उपाय असा : ३ ला नमुन्याने भागा. ३ ÷ ५० म्हणजे ६ टक्क्यांपर्यंत साका अजूनही असू शकतो. अधिक पद्धतशीर उपाय एडविन विल्सन यांनी १९२७ मध्येच दिला होता; तो पुढच्या आठवड्यात.