वाहते बोलणे

गावातल्या पाराचा एक नियम असे आणि तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता. जो हजर, त्याच्याशी बोलायचे. उठून गेलेल्यासाठी बोलणे राखून ठेवायचे नाही. उद्या आला तर तो उद्याच्या बोलण्यात बसेल. बदलापूर गावात राहणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाला हा नियम अलीकडे पुन्हा आठवू लागला आहे आणि त्याला निमित्त झाला आहे तो संगणक.

आमचे गाव उल्हास नदीकाठचे. स्टेशनाभोवतीचे शहर नंतरचे, सकाळच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्यांच्या बळावर वाढलेले. ही माणसे घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. पारावर बसायचे कधी? ती जागा मोबाइलवरच्या ग्रुपांनी घेतली. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपात २०२२पासून १०२४ माणसे मावतात. पण त्यातली एका वेळी हजर किती? लिहिणारा लिहून जातो, वाचणारा तीन तासांनी वाचतो आणि उत्तर देणारा भलत्याच गोष्टीचे देतो. याला पत्रव्यवहार म्हणावे, गप्पा नव्हेत. बँकेत आम्ही खतावणी ठेवत असू ती हिशेबासाठी. गप्पांची खतावणी कशाला हवी?

ही गोष्ट एका फिनिश तरुणाला फार आधी सुचली होती. ऑगस्ट १९८८मध्ये औलू विद्यापीठातल्या यार्को ओइकारिनेनने ‘इंटरनेट रिले चॅट’ तयार केले. त्याची तऱ्हा अगदी साधी. खोलीला एक नाव, आत येणाऱ्याला एक टोपणनाव आणि आल्या क्षणापासूनचे बोलणे पडद्यावर. आधीचे सहसा दिसत नाही. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हा तिथल्या बातम्या अशा खोल्यांतून जगभर गेल्या.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मग सायबर कॅफेंत तासाचे पैसे मोजून आपली पोरे याहूच्या खोल्यांत शिरली. त्या खोल्या २०१२मध्ये बंद झाल्या. मराठी माणसाने मात्र आपला पार वेगळा बांधला होता. १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’वर गप्पांची पाने होती, त्यांना ‘वाहती पाने’ म्हणत. नवे बोलणे आले की जुने वाहून जाई. पुण्यात जेवणे आटोपलेली असत, अमेरिकेत सकाळचा चहा चाललेला असे आणि दोन्हीकडची माणसे एकाच पानावर बसलेली असत.

आता याचे एवढे कौतुक कशाला, असे वाचक विचारतील. जुलै २०१९मध्ये उल्हासला पूर आला आणि बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. त्या रात्री माझ्या फोनवर २००५च्या पुराची छायाचित्रे ‘आत्ताची’ म्हणून येत होती. कोणी पाठवली हे कळत होते. कोणी पाहिली, हे विचारायला कोणी जागेवर नव्हते. त्याआधी वर्षभर, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार केले. मोबाइलवरून अफवा पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण पुढे ढकललेल्या संदेशाला ‘तू स्वतः पाहिलेस का?’ असा उलट प्रश्न विचारता येत नाही. खोलीत थापा मारता येतात, नाही असे नाही. पण थाप मारणारा समोर बसलेला असतो आणि दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो.

गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या मदतीने आम्ही गावापुरती अशी एक खोली उघडली. रात्री नऊ ते दहा. जुन्या चॅटरूममधली शिवीगाळ आणि खोट्या नावांचे उद्योग ठाऊक असल्याने दोन नियम केले: टोपणनाव काहीही घ्यावे, पण गावातल्या एका तरी माणसाने ओळख द्यावी, आणि अभद्र बोलणाऱ्याला दाराशी बसलेल्याने बाहेर काढावे. पाणीकपातीची सूचना, दवाखान्याचा नंबर हे ग्रुपवरच राहू दे. जे टिकायला हवे ते तिथे, जे वाहायला हवे ते इथे.

सात-आठ जण येतात. एक मुलगी लोकलमधून ‘अंबरनाथ सुटले’ असे लिहिते आणि तिची आई त्याच खोलीत ‘भात लावते’ म्हणते. एका म्हाताऱ्या बाईंचा मुलगा परदेशात आहे. त्या फारसे लिहीत नाहीत, नुसत्या बसतात. परवा मुसळधार पाऊस लागला तेव्हा मी विचारले, “पाणी कुठवर?” काठावर राहणाऱ्याने पाच मिनिटांनी लिहिले, “साहेब, बघून आलो. अजून पायऱ्यांच्या खाली आहे.” त्या बाईंनी लगेच लिहिले, “मग झोपते मी.”