मृगाआधीची कामे



चैत्र सरत आला की आपल्या मालगुंडात घरातले लहानथोर सगळे आंब्यापाठी लागतात. कोणी झेला घेऊन कलमावर, कोणी सावलीत पेंढा पसरून आढी लावतोय, कोणी पेट्या भरतोय. त्यात चूक काहीच नाही. वर्षाचा रोख पैसा तोच. चौदा आणे तयार झालेलेच फळ देठासकट काढा, उन्हाच्या आत काढा, एवढे सांगितले की आंब्याबद्दल तुम्हांला आणखी काय शिकवायचे?

पण मृग जूनच्या ७ तारखेच्या सुमारास लागतो. आपली शेवटची पेटी जाईपर्यंत तो थांबत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात पाऊस सुरू झाला की तो ३००० मिलिमीटरच्या वर पडूनच थांबतो. मग राहिलेले काम राहिलेच. म्हणून आंब्याच्या घाईत हमखास मागे पडणारी कामे आज सांगतो.

पहिले काम गोठ्यातले. पहिल्या सरी पडून हवा कोंदट झाली की घटसर्प डोके वर काढतो. जनावराला सणसणून ताप भरतो, गळ्याखाली सूज येते, श्वासाला घरघर लागते आणि दिवसा-दोन दिवसांत जनावर हातचे जाते. म्हैस तर याला लवकर बळी पडते. दुसरा रोग फऱ्या. तो अंगाने भरलेल्या तरुण जनावरांना गाठतो. मांडीवर किंवा फऱ्यावर सूज येते आणि ती दाबली की करकर वाजते. दोन्ही रोगांत उपचाराला वेळच पुरत नाही. लस मात्र आहे, आणि ती दरवर्षी टोचून घ्यावी लागते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आज टोचले म्हणजे आजच संरक्षण मिळाले, असे होत नाही. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे मृगाआधी जनावर सुरक्षित हवे असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात पशुवैद्यकीय दवाखाना गाठला पाहिजे. टोचल्या जागी थोडी गाठ येईल, एखादा दिवस दूध कमी होईल. त्याला भिऊ नका. कोणी म्हणेल, "आमची गावठी गाय काटक, तिला काय होतंय?" खरे आहे. आपल्या कोकण कपिला गाईची २०१८ साली स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ती अशा गुणांमुळेच. पण काटकपणा वेगळा आणि लस वेगळी.

दुसरे काम राबाचे. कवळे, पातेरा, शेण आणि वर माती पसरून भाजावळ करायची, ही आपली जुनी रीत. ती काही वेडेपणाची नव्हे. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो आणि तरवा निवळ येतो. पण शेणातला नत्र धुरावाटे उडून जातो, ऐन-किंजळाची झाडे बोडकी होतात, आणि वारा फिरला तर आग शेजारच्या काजूत शिरते. वीस वर्षे वाढवलेली बाग एका दुपारी जाते.

यावर उपाय आहे. एक हेक्टर भाताला दहा गुंठे रोपवाटिका पुरते. तेवढ्यापुरते चांगले कुजलेले शेणखत, गुंठ्याला सुमारे २५० किलो, मातीत मिसळा आणि मीटर-सव्वा मीटर रुंदीचे गादीवाफे करा. विहीर जवळ असेल तर आधी पाणी देऊन तण उगवून घ्या आणि मग ते नांगरून टाका. भाजावळीचे निम्मे काम पाण्याने झाले! ज्यांना भाजणे भागच आहे त्यांनी निदान चारी बाजूंचे गवत काढून पट्टा मोकळा करावा, वारा पडल्यावरच पेटवावे आणि निखारे विझेपर्यंत जागा सोडू नये.

तिसरे काम बियाण्याचे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात भाताचे बी ओता. वर तरंगेल ते पोचट, बहुधा रोगटही. ते काढून टाका. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा. धुण्यात कुचराई नको. मीठ राहिले तर उगवण बिघडते. रोहिणीत धूळवाफेवर पेरणार असाल तर हे त्याआधीच उरका.

राहता राहिली किरकोळ वाटणारी कामे: गोठ्याचे कौल फिरवणे, मेरा बांधून घेणे, पेंढा माळ्यावर कोरडा ठेवणे. भिजून बुरशी आलेला पेंढा गुरांना घालू नका. त्याने जनावर आजारी पडते.

आंब्यात चूक झाली तर एका हंगामाचा पैसा बुडतो. जोडीतला बैल किंवा दुभती म्हैस गेली तर घर दोन-तीन वर्षे मागे जाते. तेव्हा आज संध्याकाळी पेट्या भरून झाल्या की पाच मिनिटे गोठ्यात जाऊन या. लस कधी दिली होती, ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर उद्याचे पहिले काम तेच.