पंचनामा आणि पडदा

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर घरफोडी झाली तेव्हा पंच म्हणून मला बोलावण्यात आले, आणि गुन्ह्याचा तपास म्हणजे काय याचे खरे दर्शन मला त्या दिवशी प्रथम घडले. हवालदारांनी आम्हा दोघा पंचांची नावे, वये, व्यवसाय व राहण्याचे ठिकाण लिहून घेतले. मग घराच्या चतुःसीमा, कडीकोयंड्याची अवस्था, कपाटाचे तोंड कोणत्या दिशेस आहे, जमिनीवर पडलेली पितळेची डबी भिंतीपासून किती अंतरावर आहे, हे सारे मोजूनमापून ते कागदावर उतरवत राहिले. आणि ती रिकामी डबी कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळवलेल्या लाखेची मोहोर गाठीवर उमटली तेव्हा अडीच तास उलटून गेले होते. लेबलावर माझी सही झाली. ज्या वृद्ध बाईंच्या बांगड्या त्या डबीत होत्या, त्या या सर्व वेळात दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

दूरचित्रवाणीवरील गुन्हेगारी मालिकांविषयी लिहू लागल्यावर ती डबी मला वारंवार आठवत गेली. अभिनय कसा आहे, कथानक पकड घेते की नाही, रहस्य अखेरपर्यंत टिकते की नाही, हे तर परीक्षकाने पाहावेच; परंतु गुन्ह्याची कथा सांगणाऱ्या कोणत्याही कृतीस मी त्याहीपूर्वी एक प्रश्न विचारतो: जे तू मला दाखवतेस ते तुझ्या हाती कसे आले, आणि वाटेत त्याला कोणाकोणाचे हात लागले?

मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका लागे, ती पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकाचेच नाव घेऊन. याच दिग्दर्शकांनी पुढे १९९८ मध्ये ‘सी. आय. डी.’ सुरू केली, आणि शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न दोन दशके घराघरांत वावरला. त्या मालिकेने तपासाविषयीचे कुतूहल आबालवृद्धांत रुजवले, हे ऋण मी मनापासून मानतो. मात्र तिने व तिच्या पठडीतील अनेक मालिकांनी एक गैरसमजही तितकाच खोल रुजवला, तो म्हणजे आरोपीने पोलिसांसमोर कबुली दिली की प्रकरण निकालात निघाले. वस्तुतः १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ अन्वये पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबित करता येत नसे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही हाच नियम कायम ठेवला आहे. कोठडीतील माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हस्तगत झाली, तर त्या शोधाशी निगडित तेवढाच भाग न्यायालयापुढे येऊ शकतो, आणि त्यासाठीही पुन्हा पंच, पंचनामा, सही व मोहोर आलीच. आता तर झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणेही नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने बंधनकारक झाले आहे. चार भिंतींआड मिळवलेल्या कबुलीवर कायद्याने इतका अविश्वास का दाखवावा, हे सामान्य प्रेक्षकाला कळणे हा त्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणूनच कबुलीवर संपणाऱ्या प्रत्येक भागाच्या परीक्षणात मी हा मजकूर, पुनरुक्तीचा दोष पत्करूनही, लिहीत आलो.

कल्पित कथेत ही चूक अज्ञानाची ठरते. सत्यकथा म्हणवणाऱ्या मालिकेत मात्र तिचे वजन निराळे. अमेरिकेतील एचबीओ वाहिनीने २०१५ मध्ये सहा भागांत दाखवलेली ‘द जिंक्स’ ही मालिका या दृष्टीने पुनःपुन्हा अभ्यासण्याजोगी आहे. न्यूयॉर्कमधील धनाढ्य घराण्यातला रॉबर्ट डर्स्ट हा तिचा विषय. त्याची मैत्रीण सुझन बर्मन हिचा २००० साली लॉस एंजेलिसमध्ये खून झाला, आणि तिच्या घरात प्रेत असल्याची सूचना देणारी एक निनावी चिठ्ठी पोलिसांना टपालाने आली. त्या पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलेल्या ‘बेव्हर्ली’ या ग्रामनामात एक इंग्रजी अक्षर जास्तीचे पडले होते. मालिका तयार होत असता डर्स्टने पूर्वी बर्मनला पाठवलेले एक जुने पाकीट निर्मात्यांच्या हाती आले; तेच वळण, तीच अक्षरे आणि तीच एका अक्षराची चूक! ते पाकीट त्यांनी बँकेच्या तिजोरीत जपून ठेवले, आणि दोन्ही पाकिटांवरील अक्षरे डर्स्टपुढे ठेवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते कॅमेऱ्याने टिपले. इथवर हा पंचनामाच आहे, आणि तो पाहताना माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

परंतु त्यानंतर डर्स्ट प्रसाधनगृहात गेला. कोटाला लावलेला ध्वनिग्राहक चालूच होता, आणि त्याने स्वतःशी पुटपुटलेली वाक्ये मालिकेच्या अगदी शेवटी आली. मी हे काय केले, असा प्रश्न आणि त्याला लागूनच, सगळ्यांना ठार केले, असे उत्तर. जगभरातील प्रेक्षकांनी ती कबुली मानली. पुढे २०१९ मध्ये ध्वनिमुद्रणाची संपूर्ण नक्कल न्यायालयीन कागदपत्रांत दाखल झाली तेव्हा उघड झाले की ही दोन वाक्ये एकापाठोपाठ उच्चारली गेलीच नव्हती. मध्ये इतर बोलणे होते आणि क्रमही उलटा होता. डर्स्टला २०२१ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले, त्यामुळे कात्रीचे हे काम क्षम्य आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. पितळेच्या डबीवरची मोहोर हवालदारांनी घरी नेऊन पुन्हा लावली असती, तर आत तीच डबी असूनही मी न्यायालयात शपथेवर काय सांगितले असते?

आपल्याकडील ‘दिल्ली क्राइम’चे पहिले पर्व, २०१९ मधले, या कसोटीला पुष्कळ अंशी उतरते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेचा तपास दिग्दर्शक रिची मेहता यांनी सात भागांत मांडला, आणि बसमध्ये घडलेले ते अत्याचार पडद्यावर दाखवण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. जखमा आपल्याला कळतात त्या वैद्यकीय अहवालातून आणि तो ऐकणाऱ्या वर्तिका चतुर्वेदीच्या, म्हणजे शेफाली शाह यांच्या, थिजलेल्या मुद्रेवरून. अत्याचारपीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने जी मनाई केली आहे, तिचे मर्मच या संयमात उतरले आहे. मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले ते सार्थच होते. तरीही एक न्यून नोंदवले पाहिजे: सारी कथा पोलिसांच्या नजरेने पाहिली गेल्याने, रस्त्यावर उतरलेल्या हजारो तरुणतरुणींचा क्षोभ बहुतेक वेळा तपासातील अडथळा म्हणूनच समोर येतो. वस्तुतः त्याच क्षोभातून न्या. जे. एस. वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

परीक्षण लिहिण्यापूर्वी शेवटचा भाग मी एकदा आवाज बंद करून पाहतो. पार्श्वसंगीत वजा केल्यावर संशयित म्हणून दाखवलेला मनुष्य पुष्कळदा केवळ जिना उतरणारा मनुष्य उरतो. त्याच वेळी मयताला पडद्यावर जिवंतपणी किती क्षण मिळाले हेही मी टिपून ठेवतो. त्याला हसण्याबोलण्यास, कामावर जाण्यास, कोणावर रागावण्यास मिळालेले क्षण. ज्या मालिकेत मयत केवळ खडूच्या रेषांपुरता उरतो, तिच्या तांत्रिक सफाईचे कौतुक करताना माझी लेखणी अडते.

बहुतेक मालिका बेड्या पडताच संपतात. आमच्या इमारतीतील त्या बाईंची डबी मुद्देमाल म्हणून जमा होती, आणि न्यायालयाच्या हुकमाने ती परत मिळाली तेव्हा चौथे वर्ष लागले होते. बांगड्या मिळाल्या नाहीत. डबी घेऊन त्या वर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, यावर तुमची सही आहे, तुम्हीच उघडा.” लाखेचा एक लाल कण बिजागरीत अडकला होता, तो काही केल्या निघेना.