सहा आठवड्यांचा सोबती

मॉर्मन पंथाचा तरुण धर्मप्रचारक आपल्या सेवाकाळात स्नानगृह वगळता जवळपास कोठेही एकटा नसतो. त्याचा सोबती सतत त्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावा, दोघांनी एकाच खोलीत पण वेगवेगळ्या अंथरुणांवर झोपावे, इतका बारीक विचार नियमांत केलेला असून, हा सोबती निवडण्याची मुभा मात्र दोघांपैकी कोणालाही नसते. पत्नीसह तीन वर्षांसाठी नेमलेला मिशन अध्यक्ष जोड्या लावतो, आणि साधारणपणे दर सहा आठवड्यांनी, ‘ट्रान्सफर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फेरबदलात, त्या मोडून नव्या लावल्या जातात किंवा तशाच पुढे चालू ठेवल्या जातात. पाहणाऱ्याचे लक्ष पांढरा सदरा, काळी नावपट्टी आणि सायकल यांवर खिळते. पण या कामाचा कणा म्हणजे ही लादलेली सोबतच होय, आणि जेथे दारे क्वचितच उघडतात अशा जपानसारख्या देशात ते अधिक ठळकपणे दिसते.

जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या आणि आज यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या या पंथाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून ‘मॉर्मन’ हे लघुनाव टाळावे, असा पंथप्रमुखांचा 2018 पासून आग्रह आहे. तरुणांनी चोवीस महिने आणि तरुणींनी अठरा महिने सेवा द्यावी, अशी रीत आहे; तरुणांसाठी किमान वय 2012 मध्ये एकोणिसावरून अठरावर आणले गेले. कोणत्या देशात जायचे हे उमेदवार ठरवत नाही, ते मुख्यालयाकडून कळवले जाते. या सेवेला वेतन नाही, उलट अमेरिकी मिशनऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी दरमहा ठरावीक रक्कम (2020 पासून 500 डॉलर) भरायची असते. ती सामाईक निधीत जात असल्याने टोकियोसारख्या महागड्या शहरात पाठवलेल्यावर जादा बोजा पडत नाही. अठराव्या वर्षी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, अशी पदवी मिळते आणि दोन वर्षे स्वतःचे पहिले नाव जवळजवळ बाजूलाच पडते.

जपानमध्ये हे काम 12 ऑगस्ट 1901 रोजी सुरू झाले, जेव्हा हीबर ग्रँट यांच्यासह चौघे योकोहामा बंदरात उतरले. त्यांच्यापैकी जेमतेम एकोणीस वर्षांचा आल्मा टेलर तेथे आठ वर्षांहून अधिक काळ राहिला आणि पंथाचा मूळ ग्रंथ ‘बुक ऑफ मॉर्मन’ त्याने जपानीत आणला. तो 1909 मध्ये छापला गेला. तरीही दोन दशकांत बाप्तिस्मा घेणारे दोनशेच्या आतच राहिले, 1924 मध्ये मिशन बंद झाले आणि ते पुन्हा उघडले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 मध्ये. (या पंथाचे प्रचारक मुंबई आणि पुण्यात त्याहूनही आधी, 1850 च्या दशकात, येऊन गेले होते, पण तो प्रयत्न फार काळ टिकला नाही.)

दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. तातामी चटईवरील अंथरुणे गुंडाळून, व्यायाम आणि न्याहारी उरकून दोघे आधी स्वतंत्रपणे ग्रंथवाचन करतात, मग एकत्र अभ्यास करतात, आणि त्यानंतर भाषेची घोकंपट्टी असते. यूटामधील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे शिकलेली जपानी दारात उभे राहिल्यावर किती तोकडी पडते, हे नवख्याला पहिल्याच दिवशी कळते. म्हणूनच नवख्याची जोडी नेहमी अनुभवी ‘ट्रेनर’बरोबर लावतात. दुपारनंतर सायकली निघतात, आणि बहुतेक संवाद दाराबाहेरच्या इंटरकॉमवरच, यजमानाचा चेहराही न दिसता, विनम्र नकाराने संपतो. स्टेशनाजवळ विनामूल्य इंग्रजी संभाषणवर्गाची पत्रके वाटणे हा अधिक फलदायी मार्ग ठरतो. वर्गाला येणाऱ्या अनेकांना धर्म नको असतो, पण अमेरिकी उच्चार हवे असतात, आणि हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

जेव्हा एखादे दार खरोखरच उघडते तेव्हा पहिली अडचण चहाची असते. 1833 पासून मानल्या जाणाऱ्या ‘वर्ड ऑफ विझडम’ या आहारनियमानुसार मद्य, तंबाखू आणि कॉफीबरोबर चहाही वर्ज्य असून, हिरवा चहाही त्यातून सुटत नाही. पाहुण्यासमोर हिरव्या चहाचा पेला ठेवणे हे जपानी आतिथ्याचे पहिले पाऊल, आणि तो पेला न उचलणे हे मिशनऱ्याच्या निष्ठेचे. त्यामुळे सातूचे दाणे भाजून उकळलेले ‘मुगिचा’ हे पेय, ज्यात चहाचे पानच नसते, दोघांच्याही मदतीला येते. अनुभवी सोबती पेला टेबलावर येण्याआधीच ते सौजन्याने मागून घेतो आणि नवखा ते वाक्य पाठ करतो.

आठवड्यातून एकदा, नियोजनाच्या बैठकीच्या अखेरीस, दोघांनी एकमेकांसमोर बसून आपल्या संबंधांचा आढावा घ्यायचा असतो. दुसऱ्याचे काय आवडले, काय खुपले, कोठे सुधारणा हवी, हे बोलून प्रार्थनेने विषय संपवावा, अशी अपेक्षा आहे. भांडी कोणी घासली नाहीत, अलार्म कोणी बंद करून झोपला, दारात कोण फार बोलतो, असले क्षुल्लक वाटणारे विषयच येथे निघतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडून एवढे स्पष्ट बोलण्याची अपेक्षा करणारी दुसरी व्यवस्था विरळाच. ही सोबत म्हणजे पहारा आहे, हा टीकाकारांचा आक्षेप खोटा नाही. मात्र परक्या भाषेत दिवसभर नकार ऐकून परतलेल्याला आपल्या भाषेत बोलणारा एकमेव माणूसही तोच पहारेकरी असतो. घरच्यांशी पूर्वी वर्षातून दोनदाच फोनवर बोलता येई. 2019 पासून दर आठवड्याला, कपडे धुण्याच्या आणि बाजारहाटाच्या ‘प्रिपरेशन डे’ला, व्हिडिओवर बोलण्याची परवानगी मिळाली, तेव्हा या एकमेव आधाराचा ताण निश्चितच हलका झाला.

श्रद्धेची घडणही या दिनक्रमापासून वेगळी काढता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास करून सभेत ‘साक्ष’ द्यायची असते, आणि तेथे ‘मी मानतो’ याऐवजी ‘मला ठाऊक आहे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. नवखा मिशनरी हे वाक्य जपानीत आधी पाठ करतो. त्याचा अर्थ त्याच्या मनात किती मुरला आहे हे सांगणे त्यालाही अवघड असते, कारण घरून तो बहुधा आईवडिलांचाच विश्वास घेऊन निघालेला असतो. रोज तेच वाक्य अनोळखी माणसासमोर उच्चारताना ते कधी स्वतःचे होते, तर कधी नेमके त्याच कारणाने पोकळ वाटू लागते, आणि मुदतीपूर्वी घरी परतणाऱ्यांना समाजाच्या कुजबुजीला तोंड द्यावे लागते.

बाप्तिस्मा पूर्ण पाण्याखाली नेऊन दिला जातो, आणि पायाचा अंगठा जरी वर राहिला किंवा मंत्रवत शब्दांत चूक झाली तरी तो पुन्हा करावा लागतो. त्यासाठी दोन साक्षीदार काठाशी उभे असतात. परंतु खरी कसोटी नंतरची असते. 1980 च्या सुमारास टोकियोच्या दक्षिण भागात अत्यंत घाईने हजारो बाप्तिस्मे दिले गेले आणि त्यांतील बहुसंख्य माणसे सभागृहात पुन्हा फारशी दिसली नाहीत; आज जपानमधील नोंदणीकृत सभासद सव्वा लाखाच्या पुढे असले, तरी रविवारी येणारे त्याहून पुष्कळ कमी आहेत, त्यामागील अनेक कारणांपैकी हेही एक. शिकवणारी जोडी ट्रान्सफरमध्ये फुटते, फोनमधील नोंदी पुढच्या जोडीकडे जातात, आणि नव्याने आलेल्या माणसाला सांभाळण्याचे काम दिवसा नोकरी करून संध्याकाळी विनावेतन मंडळी चालवणाऱ्या जपानी बिशपकडे येते, ज्याच्याकडे सहसा त्या माणसाच्या घराचा पत्ता आणि एका अमेरिकी एल्डरचे आडनाव एवढीच माहिती असते.