हवाईच्या हिरवळीवर आपली मुनिया?

मुलांकडे अमेरिकेला गेलेली आपली माणसं हवाईला जाऊन येतात आणि फोटो पाठवतात. होनोलुलूच्या बागेतला, चिमणीहून लहान, पोटावर खवल्यांसारखी नक्षी असलेला पक्षी. खाली प्रश्न असतो, "ही आपली मुनिया इथे कशी?" शंका बरोबर आहे. ती ठिपकेदार मुनियाच. 1860 च्या दशकात माणसानेच ती तिथे नेली.

आता ओळखायचं कसं? आधी जागा बघा. हवाईचे मूळचे फिंच, म्हणजे हनीक्रीपर, आज मुख्यतः उंच, थंड डोंगररानांत उरले आहेत. जहाजांबरोबर आलेल्या डासांनी पसरवलेल्या मलेरियाने सखल भागातून त्यांना जवळजवळ पुसून टाकलं. म्हणून शहरातल्या हिरवळीवर दाणे टिपणारा छोटा पक्षी दिसला, की तो बाहेरून आणलेला असं धरून चालायला हरकत नाही.

मग चोच बघा. जाडजूड गुलाबी चोच, काळं डोकं, पांढरे गाल म्हणजे जावा स्पॅरो. लाल चोच आणि डोळ्यावरून लाल पट्टा म्हणजे आफ्रिकेतला वॅक्सबिल. चोच लाल, पण डोळ्यावर लाल पट्टा नाही आणि पंखांवर पांढरे ठिपके, तर आपली लाल मुनिया.

रंगावर मात्र फार विसंबू नका. लाल मुनियेचा नर विणीचा हंगाम संपला की तपकिरी होतो. शेपटीच्या बुडाचा लाल रंग तेवढा राहतो. ठिपकेदार मुनियेच्या पिल्लांना खवले नसतातच. हाऊस फिंचच्या नराची छाती लाल असते, पण हवाईत पुष्कळदा पिवळी किंवा नारिंगी दिसते, कारण तो रंग खाण्यातून येतो. तिथे अंगावरच्या उभ्या तपकिरी रेघा पाहायच्या.

आणि हो, "पिंजऱ्यातून सुटलेला असेल" म्हणून नोंद टाळू नका. जावा स्पॅरो होनोलुलूत थव्यांनी दिसतो, पण पिंजऱ्यांसाठी इतका पकडला गेला की खुद्द जावात तो धोक्यात आला आहे. एकाच पक्ष्याची ही दोन टोकं आहेत. म्हणून नोंदीत नाव लिहाल, तेव्हा जागा, तारीख आणि थव्यात किती होते, तेही लिहा.